शिओ म्हणजे मीठ

माझा 'अ' अननसाचा नव्हता. माझा 'अ' अमेचा होता. अमे म्हणजे पाऊस, जपानी भाषेत. हे सांगितलं की माझी नात हसते. म्हणते, आजी, कुरुंदा कुठं आणि जपान कुठं! पण आहे ते असं आहे. आमच्या गावात तेव्हा शाळा होती ती पोरांची, तीही उर्दूची, आणि आम्ही पोरींनी त्या शाळेच्या रस्त्यानं शेण वेचायला जायचं एवढाच आमचा तिचा संबंध. मला अक्षर आलं ते माझ्या सखामामामुळं आणि मामाला ती भाषा आली ती कैदेत. आज म्हातारपणी मी ही वही भरून राहिले, ती अक्षरं त्याचीच. त्याच्यावरचा राग लिहायचा म्हटला तरी त्याच्याचकडून अक्षरं उसनी घ्यावी लागतात. ही माझी अडचण वाचणाऱ्यानं समजून घ्यावी.

आमचं घर म्हणजे आबा, माय, गंगाकाकी आणि मी. आमचं रान हळदीचं, त्यामुळं घरातल्या सगळ्या बायांचे तळहात बाराही महिने पिवळे. काकीचे तर कोपरापर्यंत. काकी म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची, दौलतकाकाची बायको. दौलतकाका आणि माझा सखामामा, मायचा धाकटा भाऊ, दोघं जोडीनं निजामाच्या पलटणीत गेले तेव्हा मी चार-पाच वर्षांची असेन. काकीचं लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. पलटण समुद्रापार मलायात गेली, तिथं जपान्यांनी सगळ्यांना धरलं, आणि मग पत्रं बंद झाली. सरकारचा एक कागद आला होता, त्यात 'लापता' एवढंच लिहिलेलं. काकीला मूलबाळ नव्हतं. तिची सगळी माया माझ्यावर. जेवायला वाढताना ती माझ्या ताटात भाकरीचा एक चतकोर दुमडून ठेवायची आणि त्या दुमडीखाली गुळाचा खडा. मायचा हात गुळाच्या बाबतीत फार आखडता होता, म्हणून ही चोरी. काकी नुसती डोळ्यानं सांगायची, बोलू नको. सगळं जेवण झालं की शेवटचा घास म्हणून मी तो चतकोर उचलायची, गुळासकट न बघता तोंडात टाकायची. माझ्या लहानपणाची चव विचारली तर तीच आहे, ज्वारीचा पापुद्रा आणि खाली गूळ.

सखामामा परत आला तेव्हा ज्वारी हुरड्यात होती. वसमतहून चालत आला. अंगावर फक्त हाडं आणि पलटणीचा कोट. आमचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं आणि मायनं त्याला ओळखायला तेवढा वेळ लावला. मग तिनं जो हंबरडा फोडला त्यानं गल्ली गोळा झाली. काकी दाराआड उभी. तिनं मायच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मायनं मोठ्यानं विचारलं, "सखा, आन आमचे दौलतभाऊजी?"

मामानं तांब्यातलं पाणी आधी सगळं पिऊन घेतलं. मग म्हणाला, "ते दुसऱ्या छावनीत होते, अक्का. येतील. जहाजं मागं-पुढं सुटतेत."

काकी दाराआडची हलली ती सरळ चुलीपाशी गेली आणि पुरणाची डाळ टाकली. संध्याकाळी आबा मामाला घेऊन रानाकडं गेले. परत आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. "पोटात दुखून राहिलं," म्हणाले. मायनं ओव्याचं पाणी करून दिलं. मी त्यांच्या पोटावर हात फिरवत बसले होते. हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं की कधीकधी वाटतं, तेव्हाच कळायला हवं होतं. पण लेकराला मोठ्यांचं पोट दुखतं म्हणजे पोटच दुखतं.

मामाला आईबाप नव्हते, घर नव्हतं. तो आमच्याकडंच राहिला, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. दिवसभर रानात राबायचा आणि दिवेलागणीच्या आधी कडब्याच्या गंजीला टेकून बसायचा. तिथं आमच्या भेंड्या सुरू झाल्या. आपल्याकडं गाण्याच्या भेंड्या असतात ना, शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाणं? मामा म्हणाला, तिकडंही असंच असतंय, पण नुसत्या शब्दांचं, आन त्याला शिरितोरी म्हणतेत. एक म्हातारा पहारेकरी होता, मूळचा शेतकरी. त्यानं मामाला बांबूच्या काडीनं वाळूत अक्षरं काढून दाखवली होती. मामाला बाळबोध येत होतं. तो सांगायचा, "अनसू, मी थक्क झालो बघ. अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा. आपलीच बाराखडी दर्यापार जाऊन ऱ्हायली, आन तिकडचं पाणी पिऊन थोडी बारीक झाली!"

गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तो कोळशानं आपलं अक्षर काढायचा आणि खाली तिकडचा शब्द. अ अमेचा. इ इशीचा, इशी म्हणजे दगड. उ उशीचा.

"उशी म्हंजे काय, मामा?"

"बैल."

"मग तिकडं डोक्याखाली बैल घेऊन निजतेत का?"

"व्हय. आन वारा म्हंजे पेंढा. वारा आला की उशी तो खाऊन टाकती."

मी हसून हसून कडब्यात लोळायची. मामाही हसायचा, पण आवाज न करता. ती सवय त्याला तिकडंच लागली असावी.

अक्षरं बसली तशा भेंड्या रंगल्या. तो म्हणायचा 'नेको', म्हणजे मांजर. 'को' आला, मग मी 'कोमे', म्हणजे तांदूळ. तो 'मेशी', म्हणजे भात. मी 'शिओ', म्हणजे मीठ. 'न्'वर शब्द संपवला की हरलं, कारण 'न्'नं सुरू होणारा शब्दच तिकडं नाही. आणि मामानं आपला स्वतःचा एक नियम घातला होता. शब्दाचं गाव सांगायचं. म्हणजे तो शब्द मामानं पहिल्यांदा कुठं ऐकला ते. गाव सांगितल्याशिवाय शब्द धरायचा नाही. त्यामुळं मला नुसते शब्द आले नाहीत, प्रत्येक शब्दामागं मामाच्या कैदेतला एक एक दिवस पाठ झाला. नेकोचं गाव भटारखाना, तिथं एक पिवळं, शेपूटतुटकं मांजर होतं. ताकेचं गाव डोंगराचा उतार, ताके म्हणजे बांबू, ते तोडून खांद्यावरून आणायचे.

शिओचं गाव रबराच्या झाडांची छावणी. ते असं होतं. "माझा एक सोबती होता. रोज भात खाताना शेवटच्या घासाखाली मिठाचा खडा झाकून ठेवायचा. मीठ आठ-आठ दिस मिळायचं न्हाई, तवा ऱ्हायलेला खडा चिंधीत बांधून जपायचा. आन मग घास असा उचलायचा, जसा काई खडा दुसऱ्याच कुणी ठिवला. पहारेकऱ्यानं ते बघितलं आन बोट दावून म्हणला, शिओ."

"नाव काय त्याचं?"

"कैदेत नाव नसतंय, बाई. आकडा असतोय."

आणि हानाचं गाव नदीकाठ. हाना म्हणजे फूल. त्याच सोबत्याला ताप भरला, आणि सात दिवसांनी मामानं आणि आणखी दोघांनी त्याला नदीकाठच्या मातीत ठेवलं. तो म्हातारा पहारेकरी कुठूनसं पिवळं रानफूल घेऊन आला, मातीवर ठेवलं आणि म्हणाला, हाना. हे मामानं मला पोळ्याच्या सुमाराला शिकवलं. सांगताना तो बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत होता आणि त्याचा हात अगदी स्थिर होता.

एकच गोष्ट त्यानं पहिल्या दिवसापासून बजावली होती. "ह्या भेंड्या आपल्या दोघांच्या. गंगावैनीसमोर न्हाई खेळायच्या."

"काहून?"

"तिला दौलतभाऊजीची आठवण येती. उगं जिवाला तकलीफ."

मला ते फार थोर वाटलं. एवढा मोठा, दर्यापार जाऊन आलेला माणूस आपल्यासारख्या पोरीशी गुपित करतो, आणि तेही दुसऱ्याच्या जिवाला जपून. अकरा वर्षांच्या पोरीला याहून काय हवं असतं? मी वर्षभर ते गुपित पाळलं. काकी गोठ्याकडं आली की आम्ही गप्प व्हायचो, आणि ती गेली की मी तोंडावर हात ठेवून हसायची. ते हसणं तिनं बघितलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी संक्रांतीला गावातल्या बाया हळदीकुंकवावरून कुजबुजल्या. पलटणीत गेलेला माणूस इतक्या वर्षांत आला नाही, तर गंगाला बोलवायचं की नाही? हळदीच्या गावात हळद लावायची की नाही हा प्रश्न लहान नसतो. तो मायनं सोडवला. भर अंगणात काकीला पाटावर बसवलं, तिच्या कपाळी स्वतःच्या हातानं कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची गंगा सवाशीन हाय. सखानं सांगितलंय." मला तेव्हा मायचा इतका अभिमान वाटला होता!

मग हळदीचे दिवस आले. कढईवर हळदीचा पाला पसरून माती लिंपलेली, खालून जाळ, आणि आतून येणारा तो गदगद आवाज. शिजलेली हळद पंधरा-वीस दिवस वाळली की तिला घोळायची. आमच्याकडं ते काम दोघीदोघींचं असायचं. वाळली हळकुंडं गोणपाटात घालायची, दोघींनी समोरासमोर बसून दोन टोकं धरायची आणि हिच्याकडून तिच्याकडं, तिच्याकडून हिच्याकडं हेलकावत राहायचं. आत हळकुंडं एकमेकांवर घासून सालटी सोडतात आणि पिवळीधमक होऊन निघतात. खळ्ळ-खळ्ळ, खळ्ळ-खळ्ळ. नाकातोंडात पिवळी धूळ. गोणपाटाच्या एका टोकाला काकी आणि एका टोकाला मी. हात लयीत पडले की तोंड मोकळं राहतं, आणि बाया एरवी बोलत नाहीत ते त्या लयीत बोलतात.

"मामा-भाची गोठ्यात काय कुजबुजता ग?"

"काई न्हाई."

"काई न्हाई कसं? उशी म्हंजे बैल. मला ऐकू आलंय." काकी हसली. "मलाबी शिकव की. हे तिकडं ऱ्हायलेत एवढी वर्सं, ह्यांनाबी येतच असंल. आले की दारातच त्या भाषेत हाक मारीन. कसे दचकतील बघ!"

मी मामाला वचन दिलं होतं. पण काकीच्या तोंडावर ते हसू इतक्या दिवसांनी आलं होतं, आणि तिला ती भाषा हवी होती ती काकासाठी. यात तकलीफ कुठं होती? मला वाटलं, मामाला कळलं तर त्यालाही आनंदच होईल. मी शिकवायला लागले. एका हेलकाव्याला एक अक्षर. आणि मामाचा नियमही लावला, गाव सांगितल्याशिवाय शब्द चालणार नाही. पहिले दोन दिवस अ, इ, उ, ए, ओ आणि 'का'ची ओळ झाली. काकी हुशार होती, माझ्यापेक्षा लवकर धरायची. तिसऱ्या दिवशी 'सा'ची ओळ आली. साकाना, म्हणजे मासा. मग शिओ.

"गाव सांग," काकी म्हणाली.

मी जसं पाठ होतं तसं सांगितलं. रबराच्या झाडांची छावणी, शेवटच्या घासाखाली झाकलेला खडा, उचलताना तो दुसऱ्याच कुणी ठेवल्यासारखं करणारा सोबती.

काकीच्या बाजूचं टोक थांबलं. माझं एकटीचं वर गेलं आणि हळकुंडं तिच्या मांडीशी घरंगळली.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, काकीनं मागाहून मायला सांगितलं तेव्हा कळलं, ते इथं सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ व्हायला नको. भाकरीखाली खडा झाकायची ती युक्ती काकीची नव्हतीच. ती दौलतकाकाची होती. नव्या नवरीला माझी आजी, तेव्हा ती होती, गुळाला हात लावू द्यायची नाही, आणि आमच्याकडं बायको नवऱ्याच्या ताटात मागून जेवते. म्हणून काका आपल्या ताटात चतकोर भाकर दुमडून ठेवून उठायचा आणि तिच्याखाली गुळाचा खडा. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं, मामाला तर नाहीच. त्याच्या लेखी ती एका सोबत्याची वेडगळ सवय होती, म्हणून तर त्यानं ती मला बिनधास्त सांगितली. काका गेल्यावर काकीनं तोच गूळ माझ्या ताटात सुरू केला होता.

"त्या सोबत्याचं पुढं काय झालं ग?" काकीनं विचारलं. आवाज नेहमीचाच.

"ते 'हा'ला येतंय."

"मग 'हा' सांग."

"मधी 'ता' आन 'ना' हायत. मधलं सोडून चालत न्हाई, काकी."

"बरं. सगळं सांग. बराबर सांग."

तिनं गोणपाटाचं टोक परत धरलं. खळ्ळ-खळ्ळ. मी 'ता' घेतला. ताके, बांबू, डोंगराचा उतार. मी 'ना'ची ओळ घेतली. नासु म्हणजे वांगं, नेको म्हणजे मांजर, आणि त्या शेपूटतुटक्या मांजराची गंमत मी हातवारे करून सांगितली. काकी माझ्याकडं बघत होती आणि हेलकावे देत होती. मला वाटलं तिला मजा येते आहे. मग 'हा' आला. हाना. मी नदीकाठ सांगितला, ताप सांगितला, सात दिवस सांगितले, माती सांगितली आणि शेवटी ते पिवळं फूल. मास्तरणीसारखं मान हलवून विचारलं, "आता सांग, हाना म्हंजे काय?"

"फूल," काकी म्हणाली. "हे तुला मामानं कधी शिकवलं?"

"पोळ्याला."

तिनं सांडलेली हळकुंडं एक एक करून वेचली, गोणपाट झटकून त्याची घडी घातली आणि अजून ऊन उतरायचं असताना घरात गेली. मी मात्र खूश होते. एका दिवसात चार ओळी झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा, मामा आणि मी जेवायला बसलो. माय चुलीपुढं भाकरी थापत होती, काकीनं वाढलं. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि प्रत्येकाच्या ताटात कडेला एक चतकोर दुमडलेला. मामानं बोलत बोलत तो उचलला. खाली मिठाचा खडा होता, बोराएवढा. मामा बघतच राहिला. त्याचा हात तसाच वर राहिला. आबांनीही आपला चतकोर उचलला आणि म्हणाले, "हे काय? मीठ कुणी ठिवलं हे?"

काकी दाराआड गेली होती. ती थोरल्या दिराशी कधी समोरून बोलायची नाही. आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं तसं बोलायचं नसतं. काही सांगायचं झालं की मध्ये मायला नाहीतर मला घालायची. त्या दिवशीही तिनं मलाच हाक मारली.

"अनसू, तुझ्या मामाला इचार, घासाखाली मिठाचा खडा झाकणारा सोबती कोण व्हता?"

मी मामाकडं वळले. "मामा, काकी इचारून राहिली, तो सोबती..."

मामानं माझ्याकडं पाहिलं नाही. काकीच्या दाराकडंही नाही. त्यानं आबांकडं पाहिलं. आणि आबांनी ताटाकडं. बस्स, एवढंच झालं. पण त्या एका नजरेत मला कळलं की आबांना ठाऊक आहे. चुलीपाशी भाकरीची थापथाप बंद झाली, आणि मला कळलं की मायलाही ठाऊक आहे. घरात ठाऊक नव्हतं ते आम्हा दोघींना, जिचा नवरा तिला, आणि जिला ते रोज शिकवलं जात होतं त्या मला.

"दाजी..." मामा म्हणाला.

आबा म्हणाले, "अनसू, सांग तुझ्या काकीला, जेवन झाल्यावर बोलू."

"सांग तुझ्या आबाला," आतून आवाज आला, "एक अख्खं वरीस झालं, तुमी जेवूनच राहिले."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. त्या दोघांच्या मध्ये माझं तोंड तेवढं चालू होतं.

आबांनी ताट सारलं. "सांग तिला, दौलत गेला हे माझ्या तोंडातून निघत न्हवतं. म्हनलं, न्हाई बोललो तर तेवढे दिस तरी हाय तो." मग खाली बघत, "आन म्हनावं, तुला कळलं असतं तर तू गेली असतीस. तुझा भाऊ टपून बसलाय माहेरी, साखऱ्याला, तुझा पाट लावून द्यायला. ह्या घरात राबायचं कुणी?"

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात लागतो तो.

मग काकी बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर टाकला होता. उंबऱ्यावर उभी राहून, मला मध्ये न घेता, ती पहिल्यांदाच आबांशी बोलली.

"भाऊजी, मी गेले असते का ऱ्हायले असते, ते मला इचारलं असतं तर तुमाला कळलं असतं."

मग ती चुलीकडं वळली.

"आन जाऊबाई, संक्रांतीला माझ्या कपाळाला कुंकू लावलं तवा तुमचा हात जरा तरी थरथरला का वो?"

तव्यावरची भाकर करपल्याचा वास येत होता आणि ती कुणीच उतरवत नव्हतं.

मामा रडायला लागला. "वैनी, मी सांगनारच व्हतो. दाजी म्हनले थांब, हळद निघू दे..." काकीनं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. त्याच्याशी ती त्यानंतर एक अक्षर बोलली नाही.

तिचा भाऊ साखऱ्याहून बैलगाडी घेऊन आला. काकीनं लुगड्यांचं एक गाठोडं बांधलं. कपाळ मोकळं होतं. मी गाडीच्या चाकाला धरून उभी होते, म्हणाले, "काकी, मला ठाव न्हवतं ग. आईच्यान न्हवतं."

"मग माझ्यापासून चोरून काहून खेळत व्हतीस?"

मी मामाचं वचन सांगायला गेले, पण तोंडात ते भलतंच वाटलं.

"मी आले की गप होत व्हतीस. गेले की हसत व्हतीस." ती रागानं बोलत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "रोज गूळ खाल्लास माझ्या हातचा. मिठाचं ऐकलं तवा तुला गूळ आठवला न्हाई, व्हय?"

खरंच आठवला नव्हता. आजही मी स्वतःला विचारते, कसा आठवला नाही? रोज माझ्या ताटात होता. पण 'नाही आठवला' या बोलण्यावर तिनं का विश्वास ठेवावा? ज्या घरात सगळ्यांनी तिला फसवलं त्या घरातली मी एकटीच कशी सुटणार? गाडी वळली. पुढं तिचा पाट लागला, दोन मुलगे झाले, असं कानावर येत राहिलं. साखरा आमच्यापासून फार लांब नाही. मी गेले नाही.

मामानं पुन्हा भेंड्या खेळायचा प्रयत्न केला. कडब्याच्या गंजीला टेकून म्हणायचा, "नेको." मला कोमे यायचं, जिभेवर यायचं. मी बैलांना पाणी दाखवायला निघून जायची. पुढं तो वारंगा फाट्याला जाऊन राहिला, तिथं चहाचं दुकान टाकलं. मी लग्न होऊन, लेकरंबाळं होऊन एकदा त्याच्याकडं गेले होते. तेव्हा विचारलं, मामा, सगळ्यांपासून लपवायचं होतं तर मला काहून सांगितलंस? त्यानं हातातली कपबशी विसळून पालथी घातली. मग म्हणाला, "कुणाला तरी सांगितल्याबिगर मी मेलो असतो, अनसू. आन तू ल्हान व्हतीस. तुला सांगितलं म्हंजे कुनालाच सांगितलं न्हाई, असं वाटायचं." त्याचं हे बोलणं मला इतर सगळ्याहून जास्त लागलं. वर्षभर मी ज्याला गुपित समजत होते, ती नुसती ओझं टाकायची जागा होती.

मागच्या दिवाळीत नातीनं माझे सगळे शब्द त्या मोबाइलवर तपासून पाहिले. नाचतच आली. "आजी, सगळे बरोबर आहेत! एकही चुकला नाही!" मला वाटलंच होतं. मामानं मला तिकडचा एकही शब्द खोटा शिकवला नाही. खोटं बोलायला त्यानं आपली मराठी ठेवली होती.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे मीच ठेवली. त्या दुपारी मामानं चतकोर उचलला त्याच्या आधीच मी माझा उचलला होता. मला धीर नव्हता, आणि सवयीनं मी खाली न बघताच तोंडात टाकला. मीठ होतं. संध्याकाळी चुलीमागं झाकलेलं मायचं ताट उघडलं, त्यातही तेच निघालं. काकीनं चौघांना सारखंच वाढलं होतं. मी तो खडा थुंकले नाही. काकीचा प्रश्न मामाला विचारताना, आबांचा जबाब काकीला सांगताना तो माझ्या जिभेखालीच होता, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तिथंच विरघळत राहिला.